सामायिक अनुदान अर्ज : सुधारित आवृत्तीच्या कामाच्या नोंदी

१३ जानेवारी २०२५

सामायिक अर्जाच्या सुधारणेचे काम आजपासून रीतसर सुरू झाले. कार्यगटात अर्ज करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आणि निधी देणाऱ्या संस्था या दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने आहेत. कोणताही प्रश्न अर्जात ठेवायचा किंवा अर्जातून काढायचा असेल, तर दोन्ही बाजूंची संमती लागेल, असे पहिल्याच बैठकीत ठरले. नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इतिवृत्तात निर्णय तेवढे येतात. त्यांमागची कारणे पुढच्या दुरुस्तीच्या वेळी कोणालाच आठवत नाहीत आणि तोच वाद पुन्हा मुळापासून घालावा लागतो. म्हणून या नोंदींत कारणांवर भर राहील.

सामायिक अर्जामागची कल्पना साधी आहे. संस्थेने आपली माहिती एकदा नीट लिहावी आणि तीच माहिती अनेक निधीदात्यांनी स्वीकारावी. ही कल्पना बिघडते ती पुरवण्यांमुळे. निधीदाता मूळ अर्ज मान्य करतो आणि त्याला स्वतःच्या प्रश्नांची पुरवणी जोडतो. पुरवणी दरवर्षी थोडी थोडी वाढते, आणि काही वर्षांनी मूळ अर्ज लहान आणि पुरवणी मोठी अशी स्थिती येते. आमच्या अर्जाचेही तेच झाले आहे. त्यामुळे या वेळी नवे प्रश्न सुचवण्याआधी, जे प्रश्न आज विचारले जात आहेत ते एकेक करून तपासायचे, असे ठरले.

२१ जानेवारी

मूळ अर्ज आणि सगळ्या पुरवण्या एकाच तक्त्यात मांडल्या. उभ्या रकान्यांत निधीदाते आणि आडव्या ओळींत प्रश्न, अशी मांडणी केल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती पुनरुक्ती. ‘समस्येची पार्श्वभूमी’, ‘प्रकल्पाची गरज’, ‘प्रकल्पाचे औचित्य’ आणि ‘सद्यःस्थितीचे विश्लेषण’ असे चार मथळे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पूर्वी आलेले अर्ज उघडून पाहिले, तर बहुतेकांनी एकच परिच्छेद थोडासा फिरवून चारही ठिकाणी लिहिलेला दिसतो. त्यात अर्जदारांचा दोष नाही. चार वेळा एकच गोष्ट विचारल्यावर दुसरे काय लिहिणार?

या चारही मथळ्यांच्या जागी एकच प्रश्न सुचवला आहे : “कोणाला, कोठे, कोणती अडचण आहे आणि ती तुम्हाला कशी कळली?” प्रश्नाचा शेवटचा भाग मुद्दाम घातला आहे. तो नसला की अर्जदार सहज मिळणारी देशपातळीवरची आकडेवारी उतरवून काढतात आणि स्वतः पाहिलेल्या, ऐकलेल्या गोष्टींबद्दल काहीच सांगत नाहीत. छाननी करणाऱ्याला मात्र नेमकी तीच माहिती हवी असते, कारण देशपातळीवरचे आकडे त्याने आधीच वाचलेले असतात.

५ फेब्रुवारी

आजची बैठक छाननी समित्यांवर काम केलेल्या सदस्यांसोबत झाली. तक्त्यातील प्रत्येक प्रश्नापुढे एकच विचारणा ठेवली होती : “या उत्तरावरून तुम्ही कोणता निर्णय घेता?”

उत्तरे तीन प्रकारची आली. काही प्रश्नांबद्दल सदस्यांनी लगेच सांगितले की हे उत्तर वाचून आमचे मत बदलते, आणि उदाहरणेही दिली. काही प्रश्न मंजुरीनंतर, करार करताना लागतात; बँक खात्याचा तपशील, सही करण्याचा अधिकार कोणाला आहे याचा ठराव आणि विम्याची कागदपत्रे या गटात येतात. ज्यांना अनुदान मिळणारच नाही अशा सगळ्या संस्थांकडूनही आपण ती आधीच गोळा करत होतो. उरलेल्या प्रश्नांबद्दल “पूर्वीपासून विचारत आलो आहोत” यापलीकडे कारण निघाले नाही. पहिला गट अर्जात राहील, दुसरा गट मंजुरीनंतरच्या स्वतंत्र टप्प्यात जाईल आणि तिसऱ्या गटातील प्रश्नाला पुढच्या बैठकीपर्यंत कोणी वाली मिळाला नाही, तर तो काढला जाईल.

सर्वाधिक वेळ गेला तो ‘शाश्वतता’ या प्रश्नावर. अनुदान संपल्यावर प्रकल्प कसा चालेल, असे जुना अर्ज विचारतो. त्यावर लोकसहभाग वाढवू, इतर देणगीदार शोधू, हळूहळू स्वावलंबी होऊ, अशी ठराविक वाक्ये येतात. अर्जदार संस्थेच्या एका प्रतिनिधीने स्पष्टच सांगितले की या प्रश्नाला खरे उत्तर दिले तर अर्ज बाद होईल, अशी भीती प्रत्येकाला असते. समुपदेशनासारखे काम अनुदानाशिवाय चालत नाही, आणि ते तसे चालत नाही हे लिहिण्याची सोयच अर्जात नाही. निधीदात्यांच्या बाजूनेही मान्य झाले की ही उत्तरे कोणी गांभीर्याने वाचत नाही.

बऱ्याच चर्चेनंतर प्रश्न असा झाला : “अनुदानाचा कालावधी संपल्यानंतर या कामातील कोणता भाग थांबेल, कोणता चालू राहील आणि चालू राहणाऱ्या भागाचा खर्च कोठून भागेल? काही भाग थांबणार आहे असे सांगितल्यामुळे अर्ज नाकारला जाणार नाही.” दुसरे वाक्य अर्जात छापायला निधीदाते तयार झाले, ही आजच्या दिवसाची मोठी जमेची बाजू आहे, कारण अर्जात छापलेले वाक्य समितीलाही बांधून ठेवते.

१९ फेब्रुवारी

अंदाजपत्रक. अर्जातला हा सर्वांत अवघड भाग आहे, म्हणून या नोंदीत तपशील अधिक आहे.

जुन्या तक्त्यात ‘प्रशासकीय खर्च’ अशी एकच ओळ होती आणि तिच्यावर टक्केवारीची कमाल मर्यादा होती. याचा परिणाम काय होतो ते एका साध्या उदाहरणावरून कळते. संस्थेतील लेखापाल तीन प्रकल्पांचे हिशेब पाहतो. त्याच्या पगाराचा वाटा मर्यादेत बसत नाही, म्हणून तो ‘प्रकल्प समन्वय’ या नावाखाली दाखवला जातो. कार्यालयाचे भाडे ‘प्रशिक्षणाची जागा’ होते आणि विजेचे बिल ‘साहित्य’ होते. रकमा खऱ्या असतात, पण त्यांच्यापुढची नावे फिरवलेली असतात, आणि वर्षअखेरीला लेखापरीक्षकासमोर ती जुळवताना संस्थेच्या नाकी नऊ येतात.

हा प्रश्न जगभरचा आहे. निधीदाते अवास्तव कमी प्रशासकीय खर्चाची अपेक्षा ठेवतात, संस्था तो तसा दाखवतात, आणि दाखवलेला आकडा पाहून अपेक्षा आणखी खाली येते. या दुष्टचक्राला ‘उपासमारीचे चक्र’ असे नाव देणारा लेख २००९ मध्ये ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला होता. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकी संस्थांनी देणगीदारांना खुले पत्र लिहून सांगितले की केवळ प्रशासकीय खर्चाच्या प्रमाणावरून संस्थेची पारख करू नये. या तिन्ही संस्था देणगीदारांना स्वयंसेवी संस्थांची माहिती आणि मूल्यांकन पुरवणाऱ्या, त्यामुळे त्या पत्राला वजन होते. अमेरिकी संघराज्य सरकारच्या अनुदानांत, ज्या संस्थांचा अप्रत्यक्ष, म्हणजे थेट एका प्रकल्पाचा नसलेल्या, खर्चाचा दर वाटाघाटीने ठरलेला नाही त्यांना तपशीलवार पुरावा न देता घेता येणारा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आला. आमच्या कार्यगटाने कोणताही दर ठरवलेला नाही. तो प्रत्येक निधीदात्याच्या धोरणाचा भाग आहे. अर्जाचे काम एवढेच की खर्च आहे तसा दाखवता यावा.

त्यासाठी तक्त्याचे तीन भाग केले. पहिल्या भागात केवळ या प्रकल्पासाठी होणारा खर्च. दुसऱ्या भागात अनेक प्रकल्पांत वाटला जाणारा खर्च, आणि त्यापुढे वाटणीचा आधार लिहिण्याचा रकाना : कामाचे तास, जागेचे क्षेत्रफळ किंवा माणसांची संख्या. लेखापालाच्या पगाराचा ३० टक्के वाटा या प्रकल्पावर धरला असेल, तर तो ३० टक्केच का, हे त्या एका ओळीत सांगता येते. तिसऱ्या भागात संपूर्ण संस्था चालवण्याचा खर्च, ज्याची वाटणी प्रकल्पनिहाय करता येत नाही. उदाहरणार्थ लेखापरीक्षणाचे शुल्क किंवा विश्वस्तांच्या बैठकांचा खर्च. निधीदात्याची मर्यादा असेल, तर ती फक्त तिसऱ्या भागाला लागू होईल आणि ती किती आहे हे तक्त्याच्या डोक्यावर छापलेले असेल.

उत्पन्नाच्या बाजूलाही एक बदल आहे. इतर निधीपुढे ‘मंजूर’, ‘अर्ज केलेला’ आणि ‘अर्ज करायचा आहे’ यांपैकी एक स्थिती निवडावी लागेल. पूर्वी सगळ्या रकमा एकाच रांगेत असत, आणि हातात आलेला पैसा कोणता आणि आशेवर असलेला कोणता, हे वाचणाऱ्याला कळत नसे. वस्तू किंवा श्रम या रूपाने मिळणारी मदत वेगळ्या रकान्यात जाईल, तिची बेरीज रोख रकमेत मिसळणार नाही.

२७ फेब्रुवारी

छोट्या दुरुस्त्या. ‘चालू आर्थिक वर्ष’ हा रकाना काढून त्याऐवजी वर्षाची सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखा विचारल्या आहेत, कारण कोणाचे वर्ष जानेवारीत सुरू होते, कोणाचे एप्रिलमध्ये आणि कोणाचे जुलैमध्ये, आणि तुलना करताना नेमका तेथेच गोंधळ होतो. तारखा आतून आयएसओ ८६०१ या प्रमाणकाप्रमाणे, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा साठवल्या जातील. पडद्यावर मात्र महिन्याचे नाव अक्षरांत दिसेल. चलनासाठी आयएसओ ४२१७ मधील तीन अक्षरी संकेत वापरायचे ठरले.

१२ मार्च

उत्तरांच्या लांबीची मर्यादा हा किरकोळ वाटणारा विषय आज बराच वेळ घेऊन गेला, आणि तो तेवढा वेळ देण्याजोगा होता. देवनागरीत लिहिणाऱ्या अर्जदारांची जुनी तक्रार होती की इंग्रजीत जेवढे उत्तर बसते त्याच्या निम्मेही देवनागरीत बसत नाही. तपासल्यावर तक्रार पूर्णपणे खरी निघाली. जुनी प्रणाली मर्यादा बाइटमध्ये मोजत होती. संगणकात मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन लिपीतील साध्या अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. शिवाय डोळ्यांना जे एक अक्षर दिसते ते आतून अनेक चिन्हांचे असते : ‘क्षि’ मध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे या एका अक्षराला बारा बाइट खर्च होतात. हजार ‘अक्षरांची’ मर्यादा असलेल्या रकान्यात मराठी माणसाला प्रत्यक्षात तीनशे तेहतीस चिन्हेच मिळत होती, आणि त्यांत काने, मात्रा व अनुस्वार सोडता उरणारी अक्षरे आणखी कमी.

चिन्हांऐवजी पूर्ण अक्षरे मोजण्याचा पर्याय पाहिला. जगातील लिप्यांच्या चिन्हांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकाच्या सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला आहे, पण सगळ्या ब्राउझरांत आणि सर्व्हरवरच्या प्रणालींत तो सारखाच लागू असेल याची खात्री धरता येत नाही. पडद्यावरचा मोजक एक आकडा दाखवतो आणि सर्व्हर दुसराच आकडा धरून अर्ज परत पाठवतो, ही स्थिती सर्वांत वाईट. म्हणून मर्यादा शब्दांत ठेवली आहे आणि दोन्हीकडे मोजणीचा नियम एकच आहे. मर्यादा ओलांडली तर उत्तर कापले जाणार नाही. किती शब्द जास्त झाले ते दिसेल आणि मजकूर जसाच्या तसा राहील. एखाद्याने तासभर बसून लिहिलेला परिच्छेद न सांगता मध्येच तोडणे हा त्याच्या श्रमांचा अपमान आहे, असे माझे मत मी बैठकीत मांडले आणि ते सर्वांनी मान्य केले.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर चिकटवला तर तो अगम्य होतो. तसे आढळल्यास रकान्याखाली तत्काळ सूचना दिसेल.

२५ मार्च

अर्जाचा आकार आणि अनुदानाचा आकार यांचे प्रमाण. अमेरिकेत २००८ मध्ये प्रोजेक्ट स्ट्रीमलाइन या उपक्रमाच्या अहवालाने ‘निव्वळ अनुदान’ ही कल्पना ठळकपणे मांडली होती : मिळालेल्या रकमेतून ती मिळवण्याचा आणि तिचा हिशेब देण्याचा खर्च वजा केला की जे उरते ते खरे अनुदान. अर्ज भरायला, जोडपत्रे गोळा करायला, मध्यावधी आणि अंतिम अहवाल लिहायला कर्मचाऱ्यांचा जो वेळ जातो त्याचे मोल कोणी मांडत नाही, आणि लहान रकमेच्या अनुदानात तो खर्चच अनुदानाचा लचका तोडतो.

यावर उपाय म्हणून अर्जाचे दोन टप्पे केले. पहिला टप्पा पात्रतेचा आहे आणि त्यात कामाचे वर्णन नाही. संस्थेचे स्वरूप, कामाचे क्षेत्र, मागितलेली रक्कम आणि कालावधी एवढेच. तेथेच अपात्र ठरणाऱ्या संस्थेला पुढची पाने भरावी लागणार नाहीत आणि अपात्रतेचे कारण तिला त्याच पडद्यावर कळेल. दुसरा टप्पा पूर्ण अर्जाचा. लहान रकमेसाठी त्यातील कोणते प्रश्न आपोआप गळतील, याची सीमारेषा मात्र प्रत्येक निधीदाता स्वतः ठरवणार आहे, कारण एकाची लहान रक्कम ही दुसऱ्याची मोठी रक्कम असते.

८ एप्रिल

जोडपत्रे आणि संस्थेची कायम माहिती. नोंदणीचे प्रमाणपत्र, घटना, विश्वस्तांची यादी, लेखापरीक्षित ताळेबंद ही कागदपत्रे संस्थेच्या खात्यात एकदाच ठेवायची आणि प्रत्येक अर्ज तेथूनच ती घेईल. प्रत्येक कागदपत्राला वैधतेची तारीख असेल आणि ती जवळ आली की संस्थेला आठवण जाईल.

संस्थेची ओळख पटवण्यासाठी नाव पुरेसे नसते. एकच संस्था कोठे पूर्ण नावाने, कोठे आद्याक्षरांनी, तर कोठे जुन्या नावाने नोंदलेली सापडते. ब्रिटनमधील ३६०गिव्हिंग आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरील आयएटीआय (इंटरनॅशनल एड ट्रान्सपरन्सी इनिशिएटिव्ह) या अनुदानविषयक माहितीच्या दोन्ही प्रमाणकांत, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि त्याआधी तो क्रमांक कोणत्या नोंदवहीतील आहे हे सांगणारा संकेत, अशी जोडणी वापरतात. आम्हीही तीच पद्धत घेतली. अद्याप नोंदणी न झालेल्या गटांसाठी, त्यांच्या वतीने निधी स्वीकारणाऱ्या संस्थेचा क्रमांक आणि दोघांमधील कराराची तारीख असे दोन रकाने आहेत.

२२ एप्रिल

लाभार्थ्यांविषयीची माहिती हा आजचा विषय होता आणि चर्चा काही वेळा तापली. एका पुरवणीत लाभार्थ्यांची नावे, वय आणि छायाचित्रे मागितली होती. कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या व्यक्तींसोबत काम करणाऱ्या संस्थेला अशी यादी देणे शक्य नाही आणि देऊही नये. निधीदात्याचा हेतू खोट्या लाभार्थ्यांना आळा घालण्याचा होता आणि तो रास्त आहे. पण त्यासाठी अर्जाच्या वेळी, म्हणजे काम सुरू होण्याच्याही आधी, नावे मिळवून काहीच साधत नाही. पडताळणी हा भेटीचा आणि अहवालाचा भाग आहे. अर्जात आता फक्त संख्या, आणि त्या संख्येची व्याख्या : वेगवेगळ्या व्यक्ती किती आणि एकूण उपस्थिती किती. एकच व्यक्ती वीस वेळा आली तर पहिल्या रकान्यात एक आणि दुसऱ्यात वीस. हे दोन आकडे पूर्वी एकाच रकान्यात येत असत, त्यामुळे दोन संस्थांची तुलना निरर्थक ठरे.

कार्यकारी मंडळाच्या सामाजिक रचनेबद्दलचा प्रश्न राहील, पण ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्याय प्रत्येक ठिकाणी असेल, आणि उत्तरे केवळ एकत्रित संख्येत मागवली जातील. मंडळात चारच जण असतील, तर एकत्रित संख्येवरूनही व्यक्ती ओळखता येते. म्हणून लहान मंडळांसाठी हा भाग दिसणारच नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये यांतून निवड करण्याची लांब यादी जुन्या अर्जात होती. अर्जदार जमेल तेवढी लक्ष्ये निवडत, कारण जास्त निवडली तर बरे दिसेल असे वाटे. आता केवळ उद्दिष्टाच्या पातळीवर, जास्तीत जास्त दोन, आणि तीही ज्या निधीदात्याला आपल्या अहवालासाठी लागतात त्याच्याच अर्जात.

६ मे

मसुद्याची चाचणी. वेगवेगळ्या आकारांच्या संस्थांतील कार्यकर्त्यांनी आमच्या समोर बसून अर्ज भरला. आम्ही काही न सांगता पाहत राहिलो. ज्या संस्थेत अर्ज लिहिण्यासाठी स्वतंत्र माणूस नाही, तेथील एका कार्यकर्तीने अर्ज उघडताच आधी शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहण्याचा प्रयत्न केला, आणि अनिवार्य रकाने रिकामे असल्यामुळे प्रणालीने त्यांना पहिल्याच पानावर अडवले. काय काय विचारणार आहेत ते आधी कळले तर कोणाकडून कोणती माहिती घ्यायची हे ठरवता येते, असे त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे अगदी योग्य आहे. सगळे प्रश्न, शब्दमर्यादा आणि जोडपत्रांची यादी असलेली वर्ड आणि पीडीएफ प्रत खाते न उघडताही मिळेल, आणि पाने कोणत्याही क्रमाने भरता येतील.

दुसरे निरीक्षण असे की वेळेची मर्यादा संपून आपोआप बाहेर पडण्याची भीती सर्वांनाच आहे, त्यामुळे लोक सगळी उत्तरे आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहितात. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शिकेत अशा मर्यादेआधी सूचना देऊन ती वाढवण्याची सोय असावी असा निकष आहे. ऑक्टोबर २०२३ मधील तिच्या २.२ या आवृत्तीत, एकाच प्रक्रियेत एकदा दिलेली माहिती पुन्हा टंकायला लावू नये, हा निकषही आला. दोन्ही निकष आमच्या कामाला चपखल बसतात. उत्तरे दर काही सेकंदांनी आपोआप सेव्ह होतील आणि शेवटची सेव्ह केव्हा झाली ती वेळ पानाच्या वर दिसत राहील.

दृष्टिबाधित सहकाऱ्याने स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली) वापरून अंदाजपत्रकाचा तक्ता भरला तेव्हा ओळीचे आणि रकान्याचे नाव एकत्र वाचले जात नव्हते. नुसता “रिकामा रकाना” असा उच्चार येत होता. हे दुरुस्त झाल्याशिवाय अर्ज खुला करायचा नाही, असा निर्णय झाला.

२० मे

या संपूर्ण कामातील कळीचा निर्णय आज झाला. निधीदात्यांना स्वतःचे जादा प्रश्न विचारू द्यायचे की नाही?

अर्जदारांच्या बाजूने काहींचे म्हणणे होते की पूर्ण बंदी घालावी. निधीदात्यांच्या बाजूने सांगण्यात आले की आमच्या विश्वस्तांना काही खास गोष्टी माहीत असाव्याच लागतात. नदीखोऱ्यांवर काम करणाऱ्या निधीला पाणलोटाचा तपशील हवाच असतो आणि तो सर्वांना विचारण्यात अर्थ नाही. मला हे म्हणणे पटते. बंदी घातली असती तर ते सामायिक अर्जातूनच बाहेर पडले असते आणि अर्जदारांसमोर पुन्हा वेगवेगळे अर्ज आले असते. पण मोकळीक दिली तर पुरवण्या पुन्हा वाढतील, हेही तितकेच खरे.

शेवटी जे ठरले ते असे. प्रत्येक निधीदात्याला जास्तीत जास्त तीन जादा प्रश्न विचारता येतील. ते मूळ अर्जात मिसळणार नाहीत, शेवटच्या स्वतंत्र पानावर त्या निधीदात्याच्या नावाखाली येतील. प्रत्येक जादा प्रश्नाखाली, हे का विचारत आहोत, याचे एक वाक्य अर्जदाराला दिसेल. आणि प्रत्येक जादा प्रश्नाची मुदत एक वर्ष असेल. मुदत संपल्यावर तो आपोआप निघून जाईल, आणि तो पुन्हा हवा असेल तर त्याच्या उत्तरामुळे कोणता निर्णय कसा बदलला ते निधीदात्याने कार्यगटाला लेखी कळवावे लागेल. प्रश्न ठेवण्यासाठी काही करावे लागत नाही आणि काढण्यासाठी बैठक लागते, यामुळेच पुरवण्या फुगत गेल्या. आता काढण्यासाठी काही करावे लागणार नाही, ठेवण्यासाठी मात्र श्रम घ्यावे लागतील. एका निधीदात्याने या अटीवर मत राखून ठेवले आहे. तूर्त ते मूळ अर्ज जादा प्रश्नांविना वापरणार आहेत.

३ जून

प्रश्नांचे क्रमांक आणि आवृत्त्या. प्रत्येक प्रश्नाला कायमचा क्रमांक दिला आहे. शब्द सुधारले तरी क्रमांक तोच राहील. अर्थ बदलला तर नवा क्रमांक मिळेल. काढलेल्या प्रश्नाचा क्रमांक पुन्हा कोणाला दिला जाणार नाही. उदाहरणार्थ, लाभार्थी संख्येचा जुना प्रश्न आणि आताचे दोन रकाने यांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे जुन्या अर्जातील संख्या नव्या रकान्यात चुकूनही भरली जाणार नाही आणि वर्षांची तुलना करणाऱ्याला कोणता आकडा कशाचा आहे ते कळेल. ज्यांचे क्रमांक तेच आहेत ती उत्तरे मात्र नव्या अर्जात आपोआप येतील, आणि त्यांच्यापुढे ती मूळ कधी लिहिली होती ती तारीख दिसेल.

अर्धवट भरलेल्या जुन्या अर्जांना जुनाच नमुना लागू राहील. अर्ज स्वीकारणे चालू असताना मधेच नमुना बदलायचा नाही, हा नियम लेखी केला.

१७ जून

सुधारित अर्ज आज खुला झाला. स्क्रीन रीडरची अडचण दूर झाली असून तक्त्यातील प्रत्येक रकाना आता ओळीच्या आणि रकान्याच्या नावासह वाचला जातो. ती चाचणी ज्यांनी आधी घेतली होती त्याच सहकाऱ्याने पुन्हा घेतली. पात्रतेचा टप्पा, तीन भागांचे अंदाजपत्रक आणि संस्थेचे कायम खाते सर्वांसाठी उपलब्ध आहे. जादा प्रश्नांचे पान ज्या निधीदात्यांनी मागितले त्यांच्यासाठीच चालू केले आहे आणि प्रत्येक प्रश्नाची मुदत संपण्याची तारीख त्याच पानावर छापली आहे.

नाकारलेल्या अर्जाचे कारण अर्जदाराला कळवण्याचा मुद्दा अनिर्णित राहिला. कारणांची ठराविक यादी द्यावी की छाननी करणाऱ्याने एक वाक्य स्वतः लिहावे, यावर एकमत झाले नाही. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण यादीतून निवडलेले कारण वाचून पुढच्या वर्षी काय बदलायचे ते संस्थेला समजत नाही. पण समितीकडे आलेल्या अर्जांची संख्या मोठी असेल, तर प्रत्येकाला एक वाक्य लिहिणेही सोपे नाही, हे मान्य करावे लागते. लहान फेरीत दुसरा पर्याय वापरून पाहण्यास दोन निधीदाते तयार आहेत.

पुढचे काम अहवालाच्या नमुन्याचे. अर्जात “तुम्ही काय मोजणार आहात?” या प्रश्नाला दिलेले उत्तर अहवालात आपोआप यावे आणि संस्थेने तेवढ्याचाच हिशेब द्यावा, असा प्रस्ताव अर्जदार संस्थांकडून आला आहे. निधीदात्यांचे सध्याचे अहवाल नमुने मागवले असून तेही एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायला घेतले आहेत.